पैसे न घालणारा निर्माता: रेकॉर्ड प्रोड्यूसर नेमकं करतो तरी काय?

गेल्या महिन्यात क्लास सुटल्यावर एका विद्यार्थ्याच्या आई मागे थांबल्या. मी नाशकात कॉलेज रोडजवळ गिटार आणि कीबोर्ड शिकवतो. त्यांचा मुलगा चार वर्षं माझ्याकडे येतोय, यंदा बारावीला आहे. दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "सर, हा म्हणतो मला म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय. तुम्हीच समजवा ना त्याला. एवढा पैसा आम्ही कुठून आणायचा?"

यात पैशाचा प्रश्न कुठून आला, ते मला क्षणभर कळेना. मग लक्षात आलं. प्रोड्यूसर म्हणजे निर्माता आणि निर्माता म्हणजे पैसे घालणारा. सिनेमा-नाटकांच्या जाहिरातींत आपण हेच वाचत आलोय. त्या माउलीला वाटत होतं, की स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, सगळं आपल्या घरातून जाणार.

त्या दिवशी पाच मिनिटांत मी जे सांगितलं ते अपुरं होतं. इथे ते नीट सांगतो, आणि त्यासाठी एका माणसाचं काम समोर ठेवतो. अमेरिकेतला टॉड रन्डग्रेन. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. तो गाणी लिहितो, गातो, गिटार, पियानो, बास, ड्रम्स स्वतः वाजवतो, शिवाय दुसऱ्यांच्या रेकॉर्ड घडवतो. या व्यवसायाच्या सगळ्या बाजू एकाच माणसात बघायला मिळतात, म्हणून त्याची निवड.

आधी शब्दाचा घोळ सोडवू

रेकॉर्ड प्रोड्यूसर हा सिनेमाच्या निर्मात्यापेक्षा दिग्दर्शकाच्या जवळचा माणूस. पैसा रेकॉर्ड कंपनीचा असतो. बँडकडे वीस गाणी असतील तर त्यातली कोणती दहा घ्यायची, लय किती ठेवायची, दुसऱ्या कडव्यात ड्रम्स हवेत की नकोत, गायकानं पाच वेळा गायलं त्यातलं कोणतं ठेवायचं, आणि 'बास, झालं, आता घरी जा' हे कधी म्हणायचं, हे सगळं प्रोड्यूसर ठरवतो.

आपल्या चित्रपटसंगीतात हे काम वाटून गेलेलं असतं. चाल संगीतकाराची. कोणती व्हायोलिन कुठे येणार, बासरी कुठे थांबणार हे संगीत संयोजक लिहून काढतो. अनिल मोहिले यांचं नाव आपल्याकडे त्यासाठी आदरानं घेतलं जातं. आवाज टिपणं हे ध्वनिमुद्रकाचं काम. रॉक बँडमध्ये मात्र चौघं-पाचजण स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच वाजवतात, आणि प्रत्येकाला आपलंच वाद्य मोठं ऐकू यायला हवं असतं. अशा वेळी बाहेरचा एक कान लागतो. तो कान म्हणजे प्रोड्यूसर.

हल्ली या शब्दाला तिसरा अर्थही चिकटलाय. लॅपटॉपवर ताल आणि सुरावट रचून रॅप करणाऱ्या मुलांना देणारा तोही स्वतःला प्रोड्यूसर म्हणवतो. माझा विद्यार्थी बहुधा याच अर्थानं बोलत होता. तेही चुकीचं नाही. पण तो ज्या परंपरेतून आला ती समजली तर त्याचंच काम सोपं होईल.

एक माणूस पाच वाद्यं एकाच वेळी कशी वाजवतो?

वाजवत नाही. एकेक करून वाजवतो.

आपल्या नाशिक ढोलाचं उदाहरण घेऊ. पथकात ताशा आहे, ढोल आहेत, झांजा आहेत. समजा एकाच पोराला अख्खं पथक वाजवायचंय. तो आधी एकटा ताशा वाजवून मुद्रित करतो. मग कानाला हेडफोन लावून तोच ताशा ऐकत ऐकत ढोल वाजवतो, आणि तो वेगळा मुद्रित होतो. मग दोन्ही ऐकत दुसरा ढोल. मग झांजा. सगळं एकदम लावलं की पथक उभं राहतं. यातल्या प्रत्येक वेगळ्या पट्टीला ट्रॅक म्हणतात आणि आधीच्यावर नवीन चढवण्याला ओव्हरडब.

लहानपणी पंचवटीतल्या घरी मी हे दोन टेपरेकॉर्डरवर केलं होतं. एकावर पेटी वाजवून भरायची. ती कॅसेट लावायची, तिच्याबरोबर गायचं आणि दुसऱ्या टेपवर दोन्ही भरून घ्यायचं. मग ती कॅसेट लावून खंजिरी. तिसऱ्या फेरीला पेटी पार विहिरीच्या तळातून आल्यासारखी वाटायची आणि कॅसेटचा 'सूंऽऽ' आवाज सगळ्यावर चढायचा. दर फेरीला आधीचा आवाज एकदा पुन्हा भरला जातो आणि दर वेळी थोडा मळतो. शिवाय एकदा मिसळलेली पेटी आणि गळा परत वेगळे करता येत नाहीत. पेटी जास्त झाली असेल तर सगळं पहिल्यापासून.

अमेरिकेत लेस पॉल नावाच्या गिटारवादकानं १९४०च्या दशकात हेच तबकड्यांवर केलं, आणि पुढे १९५७ साली आठ ट्रॅकचं टेप यंत्र बनवून घेतलं. त्या यंत्राची खुबी अशी, की एकाच टेपवर आठ आवाज शेजारी शेजारी राहतात, एकमेकांत मिसळत नाहीत. बीटल्सनी १९६७ सालचा त्यांचा सगळ्यात गाजलेला अल्बम चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, तेव्हा त्यांनाही माझ्या कॅसेटसारखीच मिसळामिसळ करावी लागली. यंत्रं अर्थात फार वरच्या दर्जाची होती. १९६०च्या दशकाच्या शेवटी सोळा ट्रॅकची यंत्रं स्टुडिओत येऊ लागली आणि एका माणसानं सगळं वाजवणं खऱ्या अर्थानं शक्य झालं.

शेवटचं काम मिक्सिंग. नाशकात मिसळ कशी येते ते आठवा. उसळ वेगळी, रस्सा वेगळा, फरसाण, कांदा, लिंबू, दही, पापड, सगळं आपापल्या जागी. किती रस्सा घ्यायचा आणि फरसाण कधी टाकायचं हे खाणारा ठरवतो. मिक्सिंग म्हणजे तेच. प्रत्येक ट्रॅक किती मोठा, डावीकडून ऐकू येणार की उजवीकडून, किती घुमणार, हे ठरवून एक ताट लावायचं.

टॉडनं आधी काय केलं

टॉडचा जन्म १९४८चा. तो वाढला फिलाडेल्फियाच्या सीमेवरच्या अप्पर डार्बी गावात. १९६७ साली त्यानं नॅझ नावाचा बँड काढला. दोन वर्षांत तो सुटला. हातात फारसं काही नव्हतं, पण एक गोष्ट त्यानं कमावली होती. स्टुडिओत गेल्यावर बाकीचे चहा प्यायला बाहेर पडायचे तेव्हा हा यंत्रांपाशी बसून राहायचा, असं म्हणता येईल इतकी त्याला यंत्रांची ओढ होती. बॉब डिलनचा व्यवस्थापक राहिलेल्या अल्बर्ट ग्रॉसमननं त्याला हाताशी धरलं. १९७० साली द बँड या नावाजलेल्या मंडळींच्या 'स्टेज फ्राइट' अल्बमचं ध्वनिमुद्रण त्याच्याकडे आलं, तेव्हा तो बाविशीच्या उंबरठ्यावर होता.

पुढच्या वर्षीची गोष्ट आपल्या जवळची आहे. बॅडफिंगर या ब्रिटिश बँडचा 'स्ट्रेट अप' हा अल्बम बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन घडवत होता. त्याच सुमारास पंडित रविशंकरांनी बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी काहीतरी करायला हवं म्हणून हॅरिसनला गळ घातली, आणि १ ऑगस्ट १९७१ला न्यूयॉर्कमध्ये तो प्रसिद्ध मदतीचा कार्यक्रम झाला. हॅरिसन त्यात गुंतला. अल्बम अर्धवट राहिला, तो पुरा करायला टॉडला बोलावलं. दुसऱ्यानं निम्मं शिजवलेलं पातेलं हातात घेऊन स्वयंपाक एकाच चवीचा करणं किती अवघड असतं, ते ज्यानं एखाद्या लग्नघरी केलंय त्यालाच कळेल.

ड्रम्स आधी, गाणं डोक्यात

१९७२ साली त्याचा 'समथिंग/एनीथिंग?' आला. दोन तबकड्या, म्हणजे चार बाजू. त्यातल्या पहिल्या तीन बाजूंवर प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज एकट्या टॉडचा.

यात मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. तो ड्रम्स सर्वांत आधी वाजवायचा. नीट विचार करा. खोलीत गिटार नाही, गाणं नाही, पियानो नाही. कानात काहीच नाही. तो अख्खं गाणं मनात म्हणत म्हणत एकटाच ड्रम्स वाजवतोय. कडवं कुठे संपतं, ध्रुवपदाआधी एक मात्रा कुठे थांबायचं, सगळं डोक्यात. आपल्याकडे तबलजीला गायकाशिवाय रिकाम्या खोलीत बसवून सांगा, की संपूर्ण बंदिशीची साथ कर, गायक उद्या येऊन त्यावर गाईल. कुठे ड्रम्समध्ये चूक झालीच तर टॉड गाणंच त्या चुकीला जुळवून घ्यायचा. मी माझ्या मुलांना हे मुद्दाम करायला लावतो. पंधरापैकी एखाद्यालाच जमतं, कारण बाकीच्यांच्या बोटांना गाणं येत असतं, डोक्यात ते पुरतं नसतं.

चौथ्या बाजूला मात्र त्यानं उलट केलं. स्टुडिओत वादकांना गोळा केलं आणि सगळ्यांनी एकत्र वाजवलं, हसण्या-बोलण्यासकट. आणि टॉडचं गायक म्हणून सगळ्यात गाजलेलं गाणं, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलेलं 'हॅलो इट्स मी', ते या चौथ्या बाजूवरचं आहे. एकट्यानं केलेल्या गाण्यांतलं 'आय सॉ द लाइट' सोळाव्या क्रमांकापर्यंत पोचलं. क्रमांक म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे कबूल. तरी मला यात काहीतरी दिसतं. तीन बाजू एकट्यानं करून दाखवल्यावर त्यालाही चौथीला माणसं हवीशी वाटली.

नाशिककरांना हे ओळखीचं वाटायला हवं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा पटकथा, दिग्दर्शन, फिल्म धुणं, सगळं तेच बघत होते. आणि त्यांनाही पत्नी सरस्वतीबाईंचे हात लागलेच. पहिल्यांदा काही घडवणाऱ्याला सगळं यावं लागतं. कारण ते ज्याला येतं असा दुसरा कुणी अजून तयार झालेला नसतो.

मग दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर त्याचं काम काय?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. माझं स्वतःचं मत असं, की प्रोड्यूसरचं निम्म्याहून अधिक काम म्हणजे विरळणी.

दिंडोरी-निफाडकडच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही, पण शहरातल्यांसाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीला भरपूर घड लागतात. शेतकरी ते सगळे ठेवत नाही. जास्तीचे घड काढतो. राहिलेल्या घडातलेही मणी कात्रीनं विरळ करतो. चांगले हिरवेगार मणी खाली पडताना बघून नवख्याचा जीव तुटतो. पण ते काढले नाहीत तर कुठल्याच मण्याला जागा मिळत नाही, फुगवण होत नाही, आणि घड दाटीनं आतून सडतो.

आवाजाचं हुबेहूब असंच आहे. माणसाचा गळा, गिटार, पेटी, कीबोर्ड, हे सगळे बऱ्याच अंशी एकाच पट्ट्यात नांदतात. रविवार कारंजावर तुम्ही मित्राशी बोलताय आणि शेजारी रिक्षा सुरू आहे. मित्राचा आवाज गेलेला नसतो, पण कानाला तो वेगळा काढता येत नाही. गाण्यात दोन गिटार आणि एक कीबोर्ड मिळून गायकाचं तेच करतात. आवाज वाढवून उपयोग होत नाही. काहीतरी काढावं लागतं. आणि ज्याला ती सगळी वाद्यं वाजवता येतात तो वादकाला नुसतं 'तू गप्प बस' म्हणत नाही. 'तू वरच्या पट्टीत जा, दोनच तारा वाजव, तिसऱ्या मात्रेला सोड' असं सांगू शकतो. बहुवादकाचा खरा फायदा इथे आहे. पाच वाद्यं येणं म्हणजे पाच जणांशी त्यांच्या भाषेत बोलता येणं.

टॉडनं १९७३ साली ग्रँड फंक रेलरोड या बँडचं 'वी आर ॲन अमेरिकन बँड' घडवलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. धडाकेबाज, सरळसोट गाणं. टॉडच्या स्वतःच्या नाजूक, वळणावळणाच्या गाण्यांशी त्याचा काही संबंध नाही. त्यानं त्यांना आपल्यासारखं केलं नाही. ते जे होते तेच जास्त स्वच्छ ऐकू येईल असं केलं.

सगळ्यात मोठं उदाहरण १९७७चं. जिम स्टाइनमन नावाचा संगीतकार आणि मीट लोफ नावाचा आडदांड आवाजाचा गायक गाणी घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवत होते. कुणी घेईना. त्यातली काही गाणी आठ-नऊ मिनिटांची, संगीत नाटकासारखी भरजरी. टॉडनं नंतर सांगितलंय, की त्याला ती ब्रूस स्प्रिंगस्टीन या गाजलेल्या अमेरिकन रॉक गायकाची अतिशयोक्ती करून केलेली नक्कल वाटली, आणि म्हणूनच तो तयार झाला. वुडस्टॉकजवळच्या बेअर्सव्हिल स्टुडिओत काम झालं. टॉडच्या युटोपिया बँडमधले वादक होतेच, पण खुद्द स्प्रिंगस्टीनच्या बँडमधले रॉय बिटन आणि मॅक्स वाइनबर्गही पियानो आणि ड्रम्सवर आले.

'बॅट आउट ऑफ हेल' या गाण्यात मध्येच मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज येतो. स्टाइनमनला खरी मोटारसायकल हवी होती. टॉडनं गिटार उचलली आणि गिटारवरच इंजिन काढून दाखवलं. गाणं ऐकाल तर इंजिनाची घरघर कधी संपते आणि सूर कधी सुरू होतो ते कळत नाही, कारण दोन्ही एकाच हातातून आलंय. खरी मोटारसायकल लावली असती तर ती गाण्याला बाहेरून चिकटवल्यासारखी वाटली असती. त्या अल्बमच्या जगभरात चार कोटींहून अधिक प्रती खपल्या असं सांगितलं जातं. टॉडच्या स्वतःच्या कुठल्याही अल्बमच्या हे आसपासही नाही.

स्वतःच्या वेलीला कात्री लागत नाही

हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतं, कारण मला टॉडची स्वतःची गाणी फार आवडतात. पण खरं ते सांगायला हवं. दुसऱ्यांची विरळणी इतक्या सफाईनं करणारा हा माणूस स्वतःचा एकही मणी काढायला तयार नसे.

१९७३चा 'अ विझर्ड, अ ट्रू स्टार' बघा. जुन्या तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं संगीत चांगलं बसतं. खाच म्हणजे सुईची वाट. आवाज मोठा हवा तर सुईला डावी-उजवीकडे जास्त हलावं लागतं, म्हणजे खाच रुंद हवी. मिनिटं वाढवली तर खाचा अरुंद होतात, एकमेकींना खेटतात, आवाज लहान होतो आणि खालचे सूर पातळ पडतात. टॉडनं एका तबकडीवर जवळपास छप्पन्न मिनिटं भरली. दोन वर्षांनी 'इनिशिएशन'वर तर सदुसष्ट मिनिटांच्याही पुढे गेला. काय काढायचं हा प्रश्न दुसऱ्याच्या रेकॉर्डवर त्यानं चटकन सोडवला असता.

वादकांना हे जाचक वाटत नाही का?

वाटतं. १९८६ साली इंग्लंडमधल्या स्विंडनचा एक्सटीसी हा बँड टॉडकडे 'स्कायलार्किंग' करायला आला. त्यांनी कच्ची गाणी आधी पाठवली होती. ते पोचण्यापूर्वीच टॉडनं गाणी निवडून त्यांचा क्रमही लावून ठेवला होता: एक दिवस, एक उन्हाळा, एक आयुष्य, असा सलग प्रवास. बँडचा अँडी पार्ट्रिज यावर भयंकर चिडला. गाणी त्याची, क्रम लावणारा हा कोण? दोघांचं कडाक्याचं वाजलं. अल्बम आला, आणि तो बँडच्या सर्वोत्तम कामांत गणला जातो. पुढे पार्ट्रिजनंही टॉडच्या कामाचं मोल मान्य केलं.

यावरून विरळणी नेहमीच बरोबर होते असा निष्कर्ष काढू नका. याच वेळच्या 'डिअर गॉड' या गाण्याला अल्बममध्ये जागा मिळाली नव्हती. ते एका छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूला गेलं. अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी ते उलटून लावलं, लोकांनी उचलून धरलं, आणि मग ते अल्बममध्ये घालावं लागलं. विरळणीत कधी चांगला घडही जातो.

याच अल्बमची आणखी एक गोष्ट. स्पीकरचा पडदा आवाजानुसार पुढे-मागे हलतो. वायर उलट जोडली गेली तर पुढे जायच्या वेळी तो मागे जातो. सूर तेच राहतात, पण ढोलाचा ठोका अंगावर येण्याऐवजी अंगापासून दूर गेल्यासारखा लागतो, आणि खालचा भरीवपणा हरवतो. 'स्कायलार्किंग'च्या बाबतीत अशी उलटापालट झालेली होती हे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि २०१०मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. चोवीस वर्षं लोक तो अल्बम ऐकत होते आणि तो थोडा पातळ का वाटतो याचं कारण सापडत नव्हतं.

"आता तर सगळं संगणकावर होतं. मग वाद्य शिकायचं कशाला?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, आणि तो प्रामाणिक आहे. आज मोबाइलवरसुद्धा सोळाच्या जागी शंभर ट्रॅक मिळतात.

पण नवं यंत्र आलं म्हणून कान आपोआप येत नाही. टॉड स्वतः यंत्रांचा वेडा. १९८५ साली त्यानं 'अ कॅपेला' हा अल्बम केला. त्यातला प्रत्येक आवाज त्याच्या तोंडातून निघालेला आहे. ड्रम्स आणि बाससुद्धा. त्यासाठी त्यानं सॅम्पलर वापरला. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून तो कीबोर्डच्या हव्या त्या पट्टीवर वाजवू देणारं यंत्र. तोंडानं एकदा 'धुप्' म्हणायचं आणि मग त्यातून अख्खा ठेका बांधायचा. आजची मुलं लॅपटॉपवर जे करतात त्याचंच हे आजोबांचं रूप. पण 'धुप्' नेमका कुठे पडला की ढोलासारखा वाटतो, हे त्याला माहीत होतं, कारण त्यानं खरे ड्रम्स वाजवले होते.

सोळा ट्रॅक असताना सतरावं वाद्य घ्यायचं तर आधीचं एक काढावं लागे, नाहीतर दोन कायमची मिसळावी लागत. विरळणी यंत्रच करायला लावायचं. आता यंत्र 'पुरे' म्हणत नाही. म्हणून तर आज प्रोड्यूसरची गरज वाढली आहे.

पैसे कुठून येतात?

त्या माउलींचा खरा प्रश्न हाच होता.

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या पद्धतीत प्रोड्यूसरला दोन प्रकारे पैसे मिळतात. एक ठरावीक रक्कम कामाची. आणि विक्रीतला लहानसा वाटा, साधारण तीन-चार टक्के, तोही बहुतेकदा खर्च वसूल झाल्यावर. वाट्यानं शेती करण्यासारखं आहे हे. समजा हिशोबाची किंमत शंभर रुपये आणि वाटा तीन टक्के. दहा हजार प्रती खपल्या तर तीस हजार रुपये. एक कोटी खपल्या तर तीन कोटी. बहुतेक पिकं पहिल्या प्रकारातली निघतात. 'बॅट आउट ऑफ हेल'सारखं पीक आयुष्यात एखादंच, आणि ते येणार आहे हे पेरताना कुणाला कळत नाही. त्याच्या वेळी तर कंपन्याच दार उघडत नव्हत्या.

म्हणून घर चालतं ते नियमित कामावर. टॉडनंही गाणी, दौरे, दुसऱ्यांच्या रेकॉर्ड असं सगळं चालू ठेवलं. १९९०च्या दशकाच्या शेवटी त्यानं चाहत्यांकडून थेट वर्गणी घेऊन इंटरनेटवर गाणी पोचवण्याचा प्रयोग केला, तेव्हा आपल्याकडे बहुतेक घरांत इंटरनेट पोचलंही नव्हतं. २०२१ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. त्या रात्री तो समारंभाला नव्हता. सिनसिनाटीत त्याचा स्वतःचा कार्यक्रम होता आणि तो तिथे वाजवत होता.

करारावर सही करण्याआधी

हा भाग मुलांच्या आईवडिलांनी जरूर वाचावा. वर मी सांगितलं की प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा नव्हे. पण आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचा 'प्रोड्यूसर' म्हणजे ते ध्वनिमुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. व्यवहारात ती बहुधा कंपनी असते, आणि ध्वनिमुद्रणाची पहिली मालकी तिच्याकडे जाते.

म्हणजे एकच शब्द, दोन अर्थ. तुमचा मुलगा रात्र रात्र जागून ट्रॅक रचतो, मिक्स करतो, लोक त्याला प्रोड्यूसर म्हणतात. कागदावर प्रोड्यूसर भलताच कुणी असतो. दुसरी बाजू अशी, की चाल त्यानं बांधली असेल तर कायद्यानं तो संगीतकारही आहे, आणि संगीतकाराचा हक्क वेगळा असतो. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क भक्कम केला. म्हणून कागदावर आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघायचं, आणि कळलं नाही तर वकिलाला दाखवून मगच सही करायची. दोन-पाच हजारांच्या कामासाठी आयुष्यभराचे हक्क लिहून दिलेली मुलं मी पाहिली आहेत.

त्या मुलाचं काय झालं?

परवा तो त्याचं गाणं घेऊन आला. लॅपटॉपवर सव्वीस ट्रॅक. चार प्रकारचे ड्रम्स, तीन सिंथ (म्हणजे यंत्रानं तयार केलेले कीबोर्डचे आवाज), दोन गिटार, त्याचा गळा, आणि गळ्याच्या सहा प्रती. ऐकताना शब्द कळत नव्हते. मी त्याला म्हटलं, सगळे बंद कर, फक्त गळा ठेव. मग एकेक उघड आणि दर वेळी विचार, हा आल्यानं गाण्याचं काय वाढलं.

पाऊण तास लागला. आई बाहेर बाकावर बसून ऐकत होत्या. शेवटी नऊ ट्रॅक राहिले. त्यातला एक ढोलाचा आहे, कुठल्यातरी तयार संग्रहातून उचललेला, आणि तो पुठ्ठ्यासारखा वाजतोय हे त्याचं त्यालाच पटलं. त्याचा मामेभाऊ सिडकोतल्या एका पथकात आहे. त्यांचा सराव सुरू झाला, की दोन माइक घेऊन संध्याकाळी तिथे जायचं ठरलंय. एक माइक ढोलापासून हातभर अंतरावर लावायचा आणि दुसरा मैदानाच्या कडेला.